ओला

ऑगस्टातल्या रणरणत्या दुपारी एल पासोत उतरलो
तेव्हा पहिलाच भेटलेला माणूस हसून म्हणाला, "ओला."
मी कपाळावरून हात फिरवला.
घामसुद्धा नव्हता.
इथे तो अंगावर यायच्या आतच उडून जातो.

टेकडीवरचं विटांचं घर, चार विद्यार्थी, एक न्हाणी.
खिडकीतून सिमेंटचा एक पाट दिसतो, त्याला नदी म्हणतात.
त्याच्या पलीकडे दुसरा देश.
रात्री दोन्हीकडचे दिवे पेटतात,
कुठला दिवा कुठल्या सरकारचा
मला अजून ओळखता येत नाही.

करार सात पानी, इंग्रजीत.
खऱ्या अटी एलोइसाबाईंनी स्वयंपाकघरात सांगितल्या,
स्पॅनिशमध्ये, बोटांवर मोजून:
फ्रीजचा खालचा कप्पा माझा,
बिडाचा तवा घासायचा नाही, पुसायचा,
रविवारी वॉशिंग मशीन रामीरोचं, त्यावर चर्चा नाही.
मी प्रत्येक अटीला "सी, सी" म्हणत राहिलो
तिखट लागल्यासारखा.

माझ्या आधीच्या भाडेकरूची पत्रं अजून येतात.
ओसिएल किंतेरो. बँक त्याला शोधते आहे.
मी ती फ्रीजवर रचून ठेवतो,
त्याच्या गादीवर झोपतो,
त्याने ठोकलेल्या खिळ्याला टॉवेल अडकवतो.

पान म्हणजे पाव.
साल म्हणजे मीठ.
आणि शेगडीपाशी उभ्या एलोइसाबाई जोरात ओरडतात, "आहो!"
मी, अजून कुणाचाच नवरा नसलेला,
ताडकन उठतो.
त्यांना लसूण हवा असतो.

सप्टेंबरात छतावरचा कूलर बंद पडला.
रामीरोने मेकॅनिकला फोन लावला.
मंगळवारी येतो म्हणाला,
कुठल्या ते नाही सांगितलं.
दोन मंगळवार गेले.
मग मी हवेत हाताने शिडी काढून दाखवली.

मी अकोल्याचा आहे, हे त्यांना कसं सांगणार?
कसं सांगणार, की मार्चातल्या शेवटच्या रविवारी
दादा गच्चीवर मला पान्हा धरून उभं करायचे,
आणि मला येतात त्या सगळ्या शिव्या
मी कूलरपाशी शिकलोय?

पत्रा उघडला. तेच सगळं.
क्षाराने पांढरा पडलेला पंप,
रुसून एका बाजूला बसलेला फ्लोट.
वाळ्याच्या जागी फक्त लाकडाचा भुसा.
दादांची एक शिवी हासडली, मराठीत,
आणि पाइप एकदम सुटला
माझ्याच तोंडावर.

खालून किंकाळी आली, "आइरे!"
काळजात धस्स झालं, पंख्यात कुणाचं बोट गेलं?
गेलं नव्हतं. वारा आला होता.
वाऱ्याला इथे तसंच म्हणतात.

निथळत शिडी उतरलो.
दारात रामीरो, त्याच्या मागे बाई, बाईंच्या मागे मांजर.
"ओला, नीलो," तो म्हणाला.
या खेपेला अगदी बरोबर.

त्या रात्रीपासून फ्रीजमधला मधला कप्पाही माझा.
(वॉशिंग मशीन अजून रामीरोचंच आहे.)
भुसा भिजला की खोलीत एक वास येतो.
वाळा नाही तो.
पण डोळे मिटून, थोडं कुशीवर वळून झोपलं
तर चालून जातो.

काल जेवताना दादांचा फोन.
तिकडे सकाळचे साडेसात, मागे कुकरची शिट्टी.
स्पीकरवर त्यांचा तो नेहमीचा, दुखल्यासारखा आवाज:
"कसा आहेस?"
एलोइसाबाईंनी ताटातून मान वर केली.
"कासा?" त्यांनी विचारलं. घर?

फरक एका कान्याचा.
मी "सी" म्हणालो.
दोघांनाही एकदमच उत्तर मिळालं,
आणि दादा म्हणाले, सी काय सी,
तिखट लागलं का रे?